नऊ दिवसांत कन्याकुमारी गाठून परत येणे, याला निवांत भटकंती म्हणावे काय?

मानेवाडा_निवांत

परवा या दुचाकीस्वारांच्या चर्चामंचावर धरमपेठ_स्वार यांनी ‘दुचाकीवरील निवांत भटकंतीचा आदर्श आराखडा’ मांडला. मे महिन्यातील नऊ दिवस, नागपूर ते कन्याकुमारी आणि परत, साडेतीन हजारांच्या आसपास किलोमीटर, रोज पहाटे पाचला प्रस्थान आणि प्रत्येक मुक्कामाची खोली आधीच ठरलेली. तेवढ्यावर मी गप्प बसलो असतो. परंतु अखेरीस त्यांनी लिहिले की, तासागणिक आराखडा ज्याच्या हाती नाही त्याने लांबच्या प्रवासाला निघणे हा बेजबाबदारपणा आहे. चौदा वर्षे मी तसाच फिरत आलो आहे, म्हणून हे मला लागले.

आधी हिशेब करू. कन्याकुमारीचा मुक्कामाचा दिवस सोडला तर आठ दिवस उरतात आणि रोजचे सव्वाचारशेच्या वर किलोमीटर होतात. सामान लादलेली साडेतीनशे सीसीची गाडी, पेट्रोल आणि चहाचे थांबे धरले तर, चौपदरी रस्त्यावरही ताशी पन्नासच्या पुढे सरासरी क्वचितच देते. जेवण आणि पाठ मोकळी करण्याचा वेळ धरून दहा तास गेले. गोदावरी, कृष्णा, तुंगभद्रा आणि कावेरी या चारही नद्या तुम्ही पुलावरून ओलांडाल आणि एकीच्याही पाण्यात पाय बुडवणार नाही. त्याला पराक्रम म्हणा, मी मान्य करीन. निवांत म्हणू नका.

त्याच नऊ दिवसांत नर्मदेकडे जाऊन पाहा. सिवनी, मंडला, दिंडोरी, अमरकंटक, तेथून जबलपूर, पिपरिया, पचमढी, तामिया, छिंदवाडा आणि घर. सारे मिळून बाराशेच्या आसपास किलोमीटर. मंडल्याजवळ रामनगर येथे नर्मदेच्या काठावर गोंड राजा हृदयशहाचा सतराव्या शतकातील मोती महाल आहे. मी तेथे तासाभरासाठी थांबलो होतो, तेवढ्यात अवकाळी पाऊस लागला आणि चहाच्या टपरीवाल्या आजोबांनी मला घरी नेले. दोन रात्री राहिलो. छिंदवाड्याजवळचे देवगड तर आपले मूळच आहे: ज्या बख्त बुलंद शहाने १७०२ मध्ये नागपूर वसवले त्याची राजधानी. आपल्यापैकी किती जणांनी ती पाहिली आहे? असे फाटे आधी लिहून ठेवता येत नाहीत, त्यांच्यासाठी दिवसात जागा सोडावी लागते. माझे नियम दोनच आहेत: रोज दोनशे-अडीचशेच्या वर नाही, आणि दुपारी चारच्या आत गाडी स्टँडवर.

धरमपेठ_स्वार

आपण माझ्या आराखड्याची जाहीर चिरफाड केली, तर उत्तरही जाहीरच देतो. मला वर्षातून सलग नऊ दिवस एकदाच मिळतात, तेही दोन शनिवार-रविवार जोडून. ज्याला पावसामुळे दोन रात्री अडकून राहणे परवडते त्याने इतरांच्या हिशेबाला हसू नये.

आणि कन्याकुमारीच का, तेही सांगतो. आमचे घर वर्धा रोडला लागून होते. रात्री ट्रकचे आवाज येत आणि वडील सांगत की, हा रस्ता असाच सरळ धरला तर जमीन संपते तेथे पोहोचतो. तेव्हा तो सात क्रमांकाचा महामार्ग होता, आज चव्वेचाळीस आहे. रस्ता तोच आहे. वडील गेल्या वर्षी गेले. मला तो रस्ता शेवटपर्यंत चालवायचा आहे. नर्मदा सुंदर असेल, पण ती माझ्या या प्रश्नाचे उत्तर नाही.

राहिले आरक्षण. २०१९ मध्ये आपल्याच पद्धतीने, काहीही न ठरवता, मी जोडसुट्टीत पत्नीला मागे बसवून पचमढीला गेलो. गावात एकही खोली नव्हती. अंधारात घाट उतरून मटकुलीमार्गे पिपरियाला आलो आणि रात्र रेल्वे स्थानकाच्या प्रतीक्षालयात काढली. त्यानंतर ती आजतागायत माझ्यासोबत लांबच्या प्रवासाला आलेली नाही. बेजबाबदारपणा हा शब्द मी त्या रात्रीच्या अनुभवावरून वापरला आहे आणि तो मागे घेणार नाही.

सक्करदऱ्याची_स्वार

निवांत दादा, टपरीवाले आजोबा आपल्याला घरी घेऊन गेले, हे वाचून आनंद झाला. मी एकटी फिरते. माझ्या बाबतीत तेच निमंत्रण आले असते तर मला आधी घरात कोण कोण आहे ते विचारावे लागले असते. एका जिल्ह्याच्या ठिकाणी, सायंकाळी सात वाजता, ‘एकट्या बाईला खोली देत नाही’ असे सांगून एका लॉजने मला दारातून परत पाठवले होते. ओळखपत्र, गाडीची कागदपत्रे, हाती पैसे, सगळे असताना. दुसऱ्या लॉजवर खोली मिळाली, पण दाराची कडी नीट बसत नव्हती आणि मी रात्रभर दाराला खुर्ची लावून बसले. तेव्हापासून मी खोली फोन करून ठरवते, ‘एकटी आहे’ हे आधीच सांगते आणि मगच निघते. न ठरवता भटकण्याचे जे सुख आपण वर्णिले आहे त्याचा निम्मा भाग आपण पुरुष आहात यातून आलेला आहे.

चारच्या आत पोहोचण्याचा नियम मात्र मला पूर्ण मान्य आहे. उजेड असेल तर नाही म्हणणाऱ्याच्या दारातून निघून दुसरे दार शोधता येते.

बुटीबोरी_३५०

सगळे दक्षिण आणि उत्तरेचे बोलत आहेत. पश्चिमेला जायचे असेल तर नागपूरच्या दुचाकीस्वाराने काय नियोजन करावे, हे कोणी सांगेल काय? आपल्याच शहरातून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग निघतो, जून २०२५ मध्ये त्याचा शेवटचा टप्पाही खुला झाला, आणि त्यावर आपल्याला प्रवेश नाही. माझे गाव मेहकरकडे आहे. मी जुन्या रस्त्याने कारंज्यावरून जातो. दोन वर्षांपूर्वी दिवेलागणीला कापसाने भरलेला, मागे दिवा नसलेला ट्रॅक्टर उलट्या बाजूने आला. मी गाडी खाली उतरवली आणि गळपट्टीचे हाड मोडून घेतले. दोन्ही बाजूंनी बंदिस्त महामार्गावर उलटा ट्रॅक्टर येत नाही. जो रस्ता जास्त धोक्याचा, तो आपल्यासाठी खुला; जो कमी धोक्याचा, तो सुरक्षेच्या नावाने बंद. मी गाडीवर वाहन कर भरलेला आहे.

मानेवाडा_निवांत

मेहकरचे भाऊ, आपल्या अपघाताचे वाईट वाटते. पण निवांत फिरणाऱ्याच्या दृष्टीने ही बंदी मला इष्टापत्तीच वाटते. समृद्धीवर गाव नाही, बाजार नाही, वडाची सावली नाही. उलट अमरावती-अकोल्याच्या ज्या जुन्या रस्त्याला आपण वर्षानुवर्षे शिव्या दिल्या, त्यावर जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबरीकरणाचा जागतिक विक्रम झाला आणि तो आता उत्तम चालतो.

बुटीबोरी_३५०

माझ्या मोडलेल्या हाडाला इष्टापत्ती म्हणू नका. आपल्याला वडाची सावली हवी असेल तर आपण जुन्या रस्त्याने जा, कोणी अडवले नाही. मला पर्याय हवा आहे आणि तो नाकारला जात आहे, एवढाच मुद्दा आहे. जर्मनीत ताशी साठ किलोमीटरपेक्षा अधिक वेगाची क्षमता असलेल्या मोटारसायकलला महामार्ग खुला असतो. इंग्लंडमध्ये पन्नास सीसीखालच्या गाड्यांना बंदी आहे, सरसकट दुचाकीला नाही. आपल्याकडे मात्र शंभर सीसीची आणि साडेसहाशे सीसीची गाडी एकाच मापाने मोजतात. ऑगस्ट २०२३ पासून बेंगळुरू-म्हैसूर महामार्गाच्या मुख्य मार्गिकांवरही तेच झाले.

धरमपेठ_स्वार

या एका बाबतीत मला नाइलाजाने निवांत यांच्या बाजूने उभे राहावे लागते. समृद्धीवर मोटारींना ताशी १२० ची मुभा आहे. दोन्ही बाजूंना पिशव्या लावलेली आपली साडेतीनशेची गाडी ऐंशीने चालत असते. उघड्या माळावर आडवा वारा आणि मागून चाळीसने अधिक वेगात येणारी मोटार, हा हिशेब मला धडकी भरवतो.

सक्करदऱ्याची_स्वार

आणि मला तोच रस्ता हवा आहे. जुन्या मार्गावर कारंज्यापासून अर्धा तास दोन मुलांनी माझा पाठलाग केला होता, कधी पुढे जात, कधी शेजारी येत. जेथे कोणालाही कोठेही गाडी वळवून मागे लागता येत नाही आणि नाक्यावर प्रत्येक गाडीची नोंद होते, असा रस्ता माझ्यासाठी काय आहे, हे आडव्या वाऱ्याच्या हिशेबात येत नाही. बुटीबोरीच्या दादांचे म्हणणे योग्य आहे: ठरावीक क्षमतेच्या वरच्या गाड्यांना सोडा आणि निर्णय आम्हाला घेऊ द्या.

इतवारीचे_काका

समृद्धीचा निकाल येथे लागणार नाही, आणि एका मुलाचा प्रवास तोंडावर आला आहे. चाळीस वर्षे गाड्या दुरुस्त करतो आहे, म्हणून थोडे ऐका.

धरमपेठच्या बाळा, तुझ्या आराखड्यात तासांचा हिशेब आहे, उन्हाचा नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो. हवा अंगापेक्षा गरम झाली की वारा थंड करीत नाही, भाजतो. जाळीचे जॅकेट तेव्हा उलट काम करते: घाम अंगाला गारवा देण्याआधीच उडून जातो आणि माणूस तहान लागण्याआधी कोरडा पडतो. आतला शर्ट ओला करायचा, जॅकेटची तोंडे बरीचशी मिटायची आणि अकरा ते चार गाडी चालवायचीच नाही. हे पाळलेस तर हैदराबादकडे जाताना तुझे रोजचे सव्वाचारशे बसत नाहीत. न पाळलेस तर मला तुझी काळजी वाटते.

गाडीचेही सांगतो. साखळीचा ढिलेपणा सामान लादून, वर बसून तपासायचा. मोकळ्या गाडीवर बरोबर वाटणारी साखळी वजनाने ताणते. दर पाचशे किलोमीटरला तिला वंगण. क्लचची जादा केबल जुन्या केबलच्या शेजारी आधीच ओढून बांधून ठेव, म्हणजे तुटली तर रस्त्यावर टाकी उतरवावी लागणार नाही. तारांचे चाक असेल तर त्यात बहुधा ट्यूब असते, तेथे ट्यूबलेस टायरच्या छिद्रात बसवायच्या नुसत्या पंक्चरच्या बत्त्या घेऊन निघणे व्यर्थ आहे. जादा ट्यूब आणि चाक काढण्याचे पाने हवेत.

आता मुख्य गोष्ट. वडिलांचा रस्ता तुला शेवटापर्यंत चालवायचा आहे ना? मग तो दोनदा का चालवतोस? गाडी रेल्वेच्या पार्सलने दक्षिणेला पाठव, तू स्वतः रेल्वेने जा आणि तेथून घराकडे ये. उरलेल्या सात दिवसांत सतराशेच्या वर किलोमीटर म्हणजे रोजचे अडीचशे.

मानेवाडा_निवांत

काकांचा हिशेब माझ्या मर्यादेत बसतो, त्यामुळे माझी हरकत संपली. खोल्यांबाबत ताईंनी जे लिहिले त्याला माझ्याकडे उत्तर नाही. मी ते आजवर माझे कसब समजत होतो. धरमपेठच्या भावांना एवढेच म्हणेन की, वडिलांचे आधी लिहिले असते तर मी या सुरात लिहिले नसते.

धरमपेठ_स्वार

वडिलांचे लिहिण्याची वेळ आणली गेली, हे मला आवडलेले नाही. ते राहू द्या.

काका, आज पार्सल कार्यालयात चौकशी केली. टाकी पूर्ण रिकामी करून, गाडी गुंडाळून द्यावी लागते आणि ती माझ्याच रेल्वेगाडीने पोहोचेल अशी हमी कोणी देत नाही, म्हणून ती दोन-तीन दिवस आधी पाठवावी लागेल. मेऐवजी डिसेंबरची रजा मागितली आहे. खोल्या मात्र मी सगळ्या आधीच ठरवणार आहे, त्याबद्दल कोणी काही बोलू नये. फक्त मदुराई आणि कर्नूल येथे लवकर पोहोचून थोडा मोकळा वेळ धरला आहे, आणि तुंगभद्रेत पाय बुडवायला घाट कोठे आहे हे कोणाला ठाऊक असेल तर कळवावे.

सक्करदऱ्याची_स्वार

पत्नीला विचारलेत काय? अडीचशे किलोमीटर आणि ठरलेली खोली असेल, तर कदाचित त्या येतील.

धरमपेठ_स्वार

विचारले. तिने पार्सलची तारीख विचारली आहे.