मदत हवी आहे : बालवाडीच्या हौदासाठी नदीच्या वाळूऐवजी काय?

३ ते ६ वर्षांच्या २० मुलांसाठी वाळूत खेळायला ३ बाय २ मीटरचा हौद करायचाय. जागा कोकणात, म्हणजे पावसाचा विचार आधी. तळाला काँक्रीट नको हे पक्कं. पाणी मुरत नाही आणि वाळूला कुबट वास येतो. खाली १० सेंमी खडी, त्यावर शेडनेट दुहेरी, वर ३० सेंमी वाळू. म्हणजे १.८ घनमीटर, पाऊण ब्रासला (ब्रास म्हणजे १०० घनफूट) थोडी कमीच.

घोडं अडलंय वाळूपाशी. क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) टोचते, भुकटी डोळ्यांत जाते. धुऊन, चाळून कुणी वापरली आहे का? कसोटी साधी आहे: ओली वाळू वाटीत दाबून उपडी केली की भाताच्या मुदीसारखी उभी राहायला हवी. नाहीतर मुलं दोन दिवसांत कंटाळतात.

दुसरं, मापं. अर्ध्या लिटरचा एक उंच डबा आणि तेवढ्याच मापाचा एक पसरट, अशा जोड्या ठेवणार आहोत. या वयाची मुलं बहुधा ‘उंच डब्यात जास्त’ म्हणतात. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणाऱ्या पियाजे या मानसशास्त्रज्ञाने नोंदवलेली हीच गोष्ट. तिथे ताईंनी लगेच चूक दुरुस्त केली की खेळाची शिकवणी होते! ओतू द्यावं, पुन्हा ओतू द्यावं. पण २० मुलांना किती जोड्या पुरतात? पाच ठेवल्या तर ओढाओढी होईल असं वाटतंय.

आणि झाकण: ताडपत्रीखाली ओल कोंडते, उघडं ठेवलं तर मांजरं घाण करतात. बारीक जाळीची चौकट पावसाळ्यात टिकते का?