मदत हवी आहे: अण्णांना सकाळचं गाणं परत हवंय

सोलापूरकर मंडळी, रेडिओवर शास्त्रीय संगीताच्या वेळा सारख्या बदलताहेत. परवा भरदुपारी भैरव हा सकाळचा राग लागला, तोही संथ लयीतला विलंबित भाग रंगात येताच तोडून बाजारभाव! आमचे अण्णा वैतागून रेडिओचा कान पिळत बसतात.

आकाशवाणीची ‘रागम’ ही चोवीस तास शास्त्रीय संगीताची वाहिनी २०१६ पासून आहे, मोबाइलवर लागते, हे ठाऊक आहे. पण अण्णांची नजर अधू, स्क्रीनवर बोट भलतीकडेच पडतं. खटका दाबला की गाणं सुरू, एवढंच हवं.

वायफायवर चालणारा असा बटणांचा रेडिओ नवी पेठेत कुणी घेतलाय का? कितीला पडला? दुकानदार नुसते ब्लूटूथ स्पीकर पुढे करतात. आणि कार्यक्रमांचं वेळापत्रक आगाऊ कुठे मिळत असेल तर तेही सांगा.