दगड मारणाऱ्या पोरांना प्राण्यांशी नीट वागायला कसं शिकवायचं? (इयत्ता चौथी)

रानजाई
नमस्कार, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते, मराठवाड्यातलं छोटं गाव आहे. शाळेच्या वाटेवर ओढ्याच्या मोरीत एक कुत्री व्यालीय आणि आमची पोरं येताजाता तिला दगड मारतात, परवा तर एकाने पिल्लाच्या गळ्यात सुतळी बांधून फरफटत शाळेपर्यंत आणलं. पोरं वाईट नाहीयेत हो, हीच पोरं घरी शेळीचं करडू कुशीत घेऊन झोपतात. पण गोठ्यातलं ते आपलं आणि रस्त्यावरचं ते दगड मारायला असंच काहीतरी डोक्यात बसलंय. भूतदयेवर निबंध फर्स्टक्लास लिहितात, एकनाथ महाराजांनी तहानलेल्या गाढवाला कावडीतलं पाणी पाजलं ती गोष्ट सगळ्यांना पाठ, आणि शाळा सुटली की परत दगड. रागावलं की फक्त माझ्यासमोर मारत नाहीत. शनिवारी दप्तराविना शाळा असते तेव्हा थोडा वेळ मिळतो. कोणी प्रत्यक्ष वर्गात काही केलं असेल तर प्लीज सांगा.

गोठा_डॉक्टर
मॅडम मी पशुवैद्यक आहे, शाळांमध्ये बोलवतात तेव्हा जातो. माझं मत असं की दयेचं नंतर बघू, आधी पोरांची भीती घालवा. दगड मारणारी बरीच पोरं मनातून टरकलेली असतात, हातात दगड असला की त्यांना बरं वाटतं, आणि दगड खाऊन खाऊन कुत्री पोरं दिसली की अंगावर येते, मग पोरं अजून मोठा दगड उचलतात.

कुत्रं काय सांगतंय ते ओळखायला शिकवा. अंग ताठ, कान मागे, ओठ वर गेलेत म्हणजे लांब राहा. शेपटी हलते म्हणजे खूशच आहे असं काही नसतं, ताठ उभी शेपटी बारीक बारीक हलत असेल तर ते सावध झालेलं असतं. खाताना, झोपलेलं असताना आणि पिल्लांजवळ असताना जवळ जायचंच नाही. अंगावर आलं तर पळायचं नाही, झाडासारखं गप्प उभं राहायचं, हात अंगाला चिकटवून, नजर खाली. खाली पडलं तर गुडघे पोटाशी घ्यायचे आणि हाताने मान आणि कान झाकायचे. याचा खेळ करा, एकाने कुत्रं व्हायचं बाकीच्यांनी झाडं, पोरं जाम एन्जॉय करतात आणि विसरत नाहीत.

आणि एक फार महत्त्वाचं. पोरं चावलेलं घरी लपवतात, कारण आपण खोडी काढली हे कळलं तर मार बसेल. पिल्लाचा नुसता ओरखडा असला तरी सांगायचं, तुला कोणी मारणार नाही, हे पोरांना आणि पालकांना दोघांनाही सांगा. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची, हळद चुना मिरची काही लावायचं नाही, त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचं आणि इंजेक्शनं मधेच सोडायची नाहीत. रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

नांदेडकर
सगळं मान्य पण माझ्या पुतणीची पोटरी फाडलीय कुत्र्याने, ती काही खोड्या काढत नव्हती, सायकलवरून क्लासला चालली होती. आधी कुत्र्यांचा बंदोबस्त करा मग दया शिकवा. गावात लहान लेकरं आहेत.

खडूफळा
@नांदेडकर दादा, पुतणीचं वाचून वाईट वाटलं, बरी असेल आता अशी आशा. बंदोबस्त व्हायलाच पाहिजे, नसबंदी आणि रेबीजची लस, आणि त्यासाठी ग्रामपंचायतीच्या मागे आपण मोठ्यांनीच लागायचं. पण ते काम नऊ वर्षाच्या पोराच्या दगडाने होत नाही, त्याने कुत्रं फक्त जास्त चावरं होतं.

@रानजाई मी विदर्भात शिकवते. आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळद लावून शेकतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" म्हणतात. मी वर्गात विचारलं खांदाच का? शिंगं का नाही, पाय का नाही? घरी जाऊन बैलाच्या मानेला हात लावून बघा आणि मग सांगा. दुसऱ्या दिवशी पोरं बोलायची थांबेनात, कातडी किती जाड झालीय, एका बाजूचे केस कसे गेलेत, एका मुलीने सांगितलं की आमच्या बैलाला तिथे जखम आहे आणि बाबा तरी जुंपतात. मी काही उपदेश केला नाही, एवढंच म्हटलं की बाबांना विचार जखमेवर काय लावायचं. तिने विचारलं, आणि बाबांनी औषध आणलं.

मला वाटतं पोरांनी एखादं जनावर रोज नीट बघितलं की त्यांचा हात आपोआप थांबतो. तुमच्या कुत्रीचीच वही करा. लांबून बघायचं आणि लिहायचं, पिल्लांचे डोळे कधी उघडले (साधारण दहा ते चौदा दिवसांत उघडतात), आई कधी बाहेर जाते, काय खाते. सर्वात जास्त दगड मारणाऱ्याला वहीचा प्रमुख करा, खरंच सांगते. कायद्याची भीती घालत बसू नका, प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० चा आहे आणि पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये, त्याला मोठी माणसं भीत नाहीत तर पोरं काय भिणार.

धामण_मित्र
सापांचं पण घ्या मॅडम. "साप शेतकऱ्याचा मित्र" पेपरात लिहितात आणि धामण निघाली की काठ्या घेऊन सगळा गाव गोळा, पोरं पुढे. ती बिनविषारी, उंदरं खाऊन जगते. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांचे फोटो दाखवा, पण ओळखता आलं म्हणून हात लावायचा नाही हे शंभरदा सांगा, लांब उभं राहून मोठ्यांना हाक मारायची. चावला तर मांत्रिक नाही, सरळ सरकारी दवाखाना. नागपंचमीला गारुडी आला तर पोरांना सांगा की साप दूध पीत नाही, पाण्यावाचून तहानलेला ठेवलेला असतो म्हणून तोंड लावतो, बऱ्याचदा दातही काढलेले असतात.

रानजाई
सगळ्यांचे मनापासून आभार. झाडाचा खेळ या शनिवारीच घेते. वहीचा प्रमुख तोच, सुतळीवाला. डॉक्टर, एक विचारायचं होतं, पोरं आता पोषण आहारातली खिचडी तिला द्यायची म्हणतायत, देऊ द्यायची का?

गोठा_डॉक्टर
पोरांच्या हाताने नको. उरलेली खिचडी तुम्ही किंवा स्वयंपाकवाल्या ताईंनी मोरीपासून जरा लांब ठेवायची आणि निघून यायचं, रोज एकाच जागी, म्हणजे ती पोरांच्या डब्यामागे शाळेत येणार नाही. चॉकलेट अजिबात नको, कुत्र्याला बाधतं. पोरांना काही करायचंच असेल तर पाण्याचं काम द्या, एक पसरट मातीचं भांडं, रोज घासून ताजं पाणी, दर आठवड्याला वेगळी जोडी, सोबत कोणीतरी मोठं माणूस. आणि पिल्लं तीन महिन्यांची झाली की मला किंवा तुमच्या तालुक्याच्या दवाखान्यात कळवा, रेबीजची लस टोचून घेऊ, त्यादिवशी वर्गालाही घेऊन या.