कॅन्सर रजिस्ट्रीचं काम शिकायचंय, नाशिकमध्ये राहून सुरुवात कशी करू?

आकडेमोड_नाशिक
नमस्कार मंडळी. माझं एमएस्सी स्टॅटिस्टिक्स झालंय, सध्या नाशिकमधल्या एका हॉस्पिटलच्या एमआरडीत म्हणजे मेडिकल रेकॉर्ड विभागात आहे. फायली लावणं, डिस्चार्ज कार्डवरनं आयसीडी-10 चे म्हणजे आजारांचे कोड टाकणं, क्लेमसाठी कागद काढून देणं, असं सगळं. किमोला आमच्याकडे पार सुरगाणा, पेठ, कळवणपासून माणसं येतात आणि निफाड-दिंडोरीकडचं कुणी आलं की ठरलेला प्रश्न, ताई आमच्याकडे द्राक्षाच्या फवारणीनेच कॅन्सर वाढलाय ना हो? समोर फायलींचा ढीग असतो पण त्यातनं हे उत्तर निघत नाही एवढं मला कळतं. ते उत्तर काढणारे लोक जे करतात, रजिस्ट्री (कॅन्सरच्या केसेसची पद्धतशीर नोंद), सर्व्हेलन्स (आजारावर सतत नजर), पब्लिक हेल्थ इन्फॉर्मॅटिक्स (आरोग्याच्या माहितीची कॉम्प्युटरवर जुळणी), ते मला शिकायचंय. एका क्लासने हेल्थकेअर ॲनालिटिक्सची फी लाखाच्या वर सांगितली, सिलॅबसमध्ये कॅन्सर हा शब्दसुद्धा नाही. वडिलांचं डायलिसिस चालू आहे त्यामुळे लगेच नाशिक सोडता येणार नाही. कुणी या लाइनमध्ये आहे का?

फिल्डवाला
ताई तो क्लास आधी सोडा. मी रजिस्ट्रीत बरीच वर्षं फिल्डला होतो. आपल्याकडे केस आपोआप चालत येत नाही, हॉस्पिटलं, पॅथ लॅब, पालिकेचं जन्म-मृत्यू नोंदणी ऑफिस सगळीकडे स्वतः जाऊन नोंद उतरवून आणावी लागते, आणि एमआरडीवाल्यांनी फाईल काढून दिली तरच आमचा दिवस सार्थकी लागायचा, म्हणजे तुम्ही या कामाच्या दारातच उभ्या आहात.

पहिलं शिकायचं ते आयसीडी-ओ, म्हणजे खास कॅन्सरसाठीची कोडिंग पद्धत. आयसीडी-10 मध्ये स्तनाचा कॅन्सर म्हणजे सी50 एवढं लिहून भागतं, इथे जागेचा कोड वेगळा आणि पेशींचा प्रकार वेगळा. स्तनाच्या वरच्या बाहेरच्या भागातला डक्ट कार्सिनोमा (दूधनलिकेचा कॅन्सर) असेल तर सी50.4 आणि 8500/3, त्यातला शेवटचा 3 म्हणजे गाठ मॅलिग्नंट, कॅन्सरची. आता बघा, बायोप्सी आलीय लिव्हरची, रिपोर्टवर मेटास्टॅटिक अडेनोकार्सिनोमा, म्हणजे दुसरीकडून पसरून आलेला कॅन्सर. नवा माणूस पटकन लिव्हर कॅन्सर म्हणून टाकतो. जुन्या फायलीत शोधलं की दोन वर्षांपूर्वीचं स्तनाचं ऑपरेशन सापडतं. अशा केसेस चुकीच्या घरात पडल्या की वर कितीही भारी सॉफ्टवेअर लावा, जिल्ह्याचा लिव्हर कॅन्सर फुगलेलाच दिसणार.

दुसरं पत्ता आणि नाव. पेठची बाई सिडकोत भाच्याकडे उतरून ट्रीटमेंट घेते आणि फाईलवर पत्ता सिडकोचा लागतो. आपल्या रजिस्ट्रीचा नियम असा की त्या भागात किमान एक वर्ष राहणारा तोच तिथला धरायचा, त्यामुळे मूळ गाव विचारल्याशिवाय फॉर्म पुरा करायचा नाही. नाव तर विचारूच नका, एका फाईलवर सुमन, दुसरीवर सुमनबाई, लॅबच्या रिपोर्टवर माहेरचं आडनाव, आणि तीच बाई पंचवटी एक्सप्रेसने मुंबईच्या टाटा हॉस्पिटलला जाऊन आलेली असली की तिथे चौथी नोंद. एकाच पेशंटच्या चार नोंदी जुळवून एक करणं हेच खरं इन्फॉर्मॅटिक्स आहे असं माझं ठाम मत आहे.

ट्रेनिंगचं म्हणाल तर अमेरिकेच्या सीअर या सरकारी कॅन्सर रजिस्ट्री प्रोग्रॅमचे ट्रेनिंग मॉड्यूल वेबसाइटवर फुकट आहेत, अवयवानुसार लावलेले, रोज थोडं वाचलं तरी होतं. आयएआरसी म्हणजे डब्ल्यूएचओची कॅन्सरवरची संस्था, फ्रान्समध्ये लियॉनला आहे, त्यांच्या लर्निंग पोर्टलवर पण भरपूर आहे. त्यांनी जगभरच्या रजिस्ट्र्यांना मदत करायला जी केंद्रं नेमली त्यातलं एक आपल्या मुंबईत टाटा मेमोरियलला आहे, त्यांच्या वर्कशॉपवर लक्ष ठेवा.

पीएसएम_रेसिडेंट
वरच्या दादांशी शंभर टक्के सहमत. द्राक्षाच्या प्रश्नाबद्दल थोडं लिहितो कारण तो प्रश्न फार महत्त्वाचा आहे आणि लोकांना त्याचं नीट उत्तर मिळायला हवं. तुमच्या हॉस्पिटलमध्ये पेशंट वाढले म्हणजे तालुक्यात कॅन्सर वाढला असं होत नाही, नवीन मशीन आलं, सरकारी योजनेत नाव लागलं, मुंबईला जाणारे इथेच थांबायला लागले, तरी आकडा चढतो. म्हणून हॉस्पिटल बेस्ड (एका हॉस्पिटलचे पेशंट) आणि पॉप्युलेशन बेस्ड (ठरलेल्या भागातले सगळे रहिवासी) अशा दोन वेगळ्या रजिस्ट्र्या असतात. दुसऱ्या प्रकारात भाजकात लोकसंख्या लागते, तीही वयोगटानुसार. नाशिक जिल्हा 2011 च्या जनगणनेत 61 लाखांचा, 2021 ची जनगणना लांबली, मग मधल्या वर्षांना अंदाजच वापरायचा. त्यात म्हातारी माणसं जास्त असतील तर कॅन्सर जास्त दिसणारच, म्हणून रेट वयानुसार ॲडजस्ट करून दर लाखामागे सांगतात. तुमचं स्टॅटिस्टिक्स इथे सोन्यासारखं उपयोगी पडेल. आणि एवढं झालं तरी रजिस्ट्री फक्त सांगते की कुठे जास्त आहे. फवारणीमुळे आहे का, यासाठी वेगळा अभ्यास करावा लागतो, पण रजिस्ट्री नसेल तर तो अभ्यास कुठे करायचा हेच ठरत नाही.

महाराष्ट्र यात मागे नव्हता बरं का. मुंबईची रजिस्ट्री 1963 ची, देशातली पहिली. बार्शीची 1987 ची, ग्रामीण भागातली पहिली. बार्शीशेजारच्या उस्मानाबाद (आताचं धाराशिव) जिल्ह्यात सव्वा लाखावर बायकांवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा जो मोठा अभ्यास झाला, 2009 ला छापून आला, त्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही टेस्टने (हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची तपासणी) या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्याने कमी झाले असं दिसलं. कुणाला पुढे कॅन्सर झाला आणि कोण वारलं हे गावोगाव नीट नोंदलं गेलं म्हणून तर हे सांगता आलं.

कोर्सचं: आयसीएमआरच्या चेन्नईच्या एनआयई या साथरोगशास्त्राच्या संस्थेचा हेल्थ रिसर्चचा बेसिक कोर्स स्वयम या सरकारी पोर्टलवर ऑनलाइन असतो, घरी बसून होतो. तिथलीच एमपीएच (पब्लिक हेल्थची मास्टर्स) एपिडेमिऑलॉजीची आहे, मुंबईत टिस म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसची एमपीएच आहे, पण ते वडिलांची तब्येत सावरल्यावर, आणि पात्रता जाहिरातीत नीट वाचा. आपल्या म्हसरुळला आरोग्य विद्यापीठ आहेच, तिथे वर्कशॉप लागतात का ते पण विचारून या.

कोथरूडकर_आयटी
मी हेल्थ आयटीत आहे, माझे दोन पैसे. कॅनरेग5 हे रजिस्ट्रीचं सॉफ्टवेअर डाउनलोड करा, आयएआरसीचंच आहे, फुकट आहे. खोट्या पन्नास-एक केसेस टाकून बघा, बाईच्या नावापुढे प्रोस्टेट टाकलं की लगेच अडवतं, त्यातनं क्वालिटी चेक म्हणजे काय ते हाताला कळतं. सोबत आर ही स्टॅटिस्टिक्सची प्रोग्रॅमिंग भाषा शिका, एक्सेलवर थांबू नका. पुढे डेटा स्टँडर्डकडे जायचं असेल तर पुण्यात सीडॅककडे एनआरसीईएस हे आरोग्य-डेटा स्टँडर्डचं राष्ट्रीय केंद्र आहे, स्नोमेड सीटीचं (वैद्यकीय शब्दांची कोड असलेली यादी) लायसन्स भारतात त्यांच्याकडूनच फुकट मिळतं. इथे माणसं खरंच कमी आहेत, देशातल्या रजिस्ट्र्यांचा 2020 चा रिपोर्ट आला त्यात डेटा 2012 ते 2016 चा होता, म्हणजे चार वर्षं मागे. हे अंतर कमी करणं हेच काम आहे. एकच विनंती, हॉस्पिटलचा खरा डेटा पेनड्राइव्हवर घरी आणून प्रॅक्टिस करू नका, कुणाच्या तरी आईचा आजार आहे तो.

आकडेमोड_नाशिक
सगळ्यांचे मनापासून आभार. एक विचारायचं राहिलं, ऑनलाइन ओडीएस सर्टिफिकेट म्हणून दिसतंय, ते करावं का?

फिल्डवाला
ती कॅन्सरच्या नोंदी करणाऱ्यांची अमेरिकेची परीक्षा, आधी सीटीआर म्हणायचे, 2024 पासून नाव बदललं. तिकडच्या हॉस्पिटलांचं काम करायचं असेल तर चांगली आहे. नाशिकचं काम करायचं तर आधी तुमच्या हॉस्पिटलला विचारा, देशातल्या कॅन्सर रजिस्ट्र्या चालवणाऱ्या आयसीएमआरच्या बंगळुरूच्या एनसीडीआयआरकडे हॉस्पिटल रजिस्ट्री म्हणून नोंदणी केलीय का. नसेल तर ऑन्कोच्या म्हणजे कॅन्सर विभागाच्या सरांना गाठा. एकदा हॉस्पिटल आत गेलं की फॉर्म, सॉफ्टवेअर, ट्रेनिंग तिकडूनच येतं आणि तुम्हाला कुठे जावं लागत नाही.

आकडेमोड_नाशिक
नोंदणी नाहीये, आत्ताच सीनियरना विचारलं. सोमवारी सरांची ओपीडी संपली की भेटते. तोपर्यंत नवीन फाईलवर मूळ गाव आणि माहेरचं नाव लिहायला सुरुवात केलीय.