'जनरेटिव्ह डिझाइन'ला मराठीत काय लिहावं?

प्रश्न: कोल्हापुरात आर्किटेक्टच्या ऑफिसात काम करते. नागाळा पार्कातल्या एका बंगल्याच्या फाइलला मराठी टिपण जोडायचंय. 'जनरेटिव्ह डिझाइन'साठी 'स्वयंचलित आराखडा' चालेल का? सर 'एआय आराखडा' म्हणतात. मला दोन्ही पटत नाहीत.

उत्तर: 'स्वयंचलित' नकोच, बटण दाबलं की घर तयार असा अर्थ निघतो. सामासिक अंतरं (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा) किती, चटईक्षेत्र किती, पुराच्या पाण्याची हद्द दाखवणारी निळी-लाल पूररेषा कुठून जाते, कुठल्या खोलीला सकाळचं ऊन हवं, हे आधी माणूसच लिहून देतो. मग संगणक त्यात बसणारे ढीगभर पर्याय मांडतो, प्रत्येकाला गुण देतो आणि सरस पर्यायांतून पुढचे घडवतो. आराखड्यांची सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ऑटोडेस्कचं टोरांटोतलं ऑफिस (२०१७) असंच आखलं गेलं. उजेड, बाहेरचं दृश्य, कमी व्यत्यय असे ६ निकष होते, पर्याय १०,००० च्या वर निघाले.

'एआय आराखडा' फारच सैल. मिडजर्नी या चित्रं बनवणाऱ्या एआयला चार ओळी दिल्या की वाड्याचं देखणं चित्र मिळतं, पण जिना कुठं उतरतो हे त्यावरून कळत नाही. त्याला संकल्पचित्र म्हणा. आणि जनरेटिव्ह पद्धतीत एआय असतोच असं नाही. जॉर्ज स्टायनी आणि जेम्स गिप्स या संशोधकांचं १९७२ मधलं 'आकारांचं व्याकरण' (शेप ग्रामर) निव्वळ नियमांवर चालतं. मी 'पर्यायजनक आराखडा' लिहीन.

आणखी एक उत्तर: पुस्तकी परिभाषेत 'जननशील अभिकल्प' शोभेल, पण घरमालकाला काय कळणार? 'पर्यायजनक'च बरा. 'पॅरामेट्रिक' मात्र वेगळा ठेवा, त्याला 'प्राचलीय'. तिथं आकडे आपण बदलतो, इथं चांगल्या आकड्यांचा शोध संगणक घेतो.

याच धाग्यात: शब्द ठरवताना 'बंधन' आणि 'निकष' यांची गल्लत करू नका. अंबाबाईचा किरणोत्सव घ्या. नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या अखेरीस मावळतीची किरणं महाद्वारातून गाभाऱ्यात जातात, वाटेत उंच बांधकाम आलं की अडतात. महाद्वार रोडवर काही उभारायचं तर किरणांची वाट मोकळी ठेवणं हे बंधन. ते मोडणारा पर्याय यादीतूनच बाद, मग त्याचे बाकीचे गुण कितीही असोत. 'दुकानात भरपूर उजेड' हा निकष, त्यात थोडं कमी-जास्त चालतं. संगणकाला किरणोत्सव ठाऊक नाही. त्या दिवसांतला सूर्याचा कोन आणि त्यावरून छपराची कमाल उंची आपणच लिहून द्यायची. ती राहिली तर तो बिनदिक्कत किरणांच्या आड चार मजले चढवेल, आणि सगळ्यात जास्त गुणही त्याच पर्यायाला देईल.

प्रश्नकर्ती: हे पटलं. आमच्या फाइलीत पूररेषा चुकून निकषांच्या रकान्यात आहे, ती आजच बंधनांत घेते. टिपणातलं वाक्य असं केलंय: 'पर्यायजनक पद्धतीने आराखडे तयार केले. बंधने व निकष सोबत जोडले आहेत. अंतिम निवड वास्तुविशारदाची.'