नदीच्या गाळाची मूर्ती तडकते, रंगाला बुरशी येते: शहरावरच्या कामासाठी सल्ला पाहिजे

पडदेवाला (पवनी तालुका)

नमस्कार मंडळी. मी झाडीपट्टीतल्या (पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यातल्या) नाटकांचे पडदे रंगवणारा पेंटर, वय चौपन्न. राजवाडा, जंगल, देऊळ आणि रस्ता, हे चार पडदे मी मांजरपाटावर किती रंगवले याचा हिशेब नाही. रस्त्याचा पडदा म्हणजे शहर: दोन्ही बाजूंनी माड्या, विजेचे खांब, मागे घड्याळाचा मनोरा. पहिला रंगवला तेव्हा मी नागपूर पाहिलंही नव्हतं, कॅलेंडरवरून उतरवला होता. पुढे फ्लेक्स आला. दुकानांच्या पाट्या गेल्या, मग छापील पडदेही निघाले. आता दिवाळी ते होळीच्या हंगामात चार-पाच जुने पडदे डागडुजीला येतात. बाकी वर्षभर धानाची बांधी, आणि तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी रंगवणं.

नागपूरचे काही तरुण चित्रकार जानेवारीत शहर आणि पर्यावरण या विषयावर प्रदर्शन करून राहिले. त्यातली एक पोरगी गावात येऊन माझे जुने पडदे पाहून गेली. म्हणाली, "काका, तुम्हीही शहरावर काहीतरी करा." आठ दिवस मी विचार करत होतो, मला शहराचं काय माहीत? मग एका सकाळी नदीवर गेलो.

आमचं गाव वैनगंगेकाठी, गोसेखुर्द धरणाच्या फुगवट्याला लागून. नागपूरची नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान अंभोऱ्याला वैनगंगेत येते आणि ते पाणी धरणाच्या भिंतीशी येऊन थांबते. त्याचा रंग आणि वास काठावरच्या माणसाला सांगावा लागत नाही. पंधरा दिवस रोज सकाळी मी घाटावर लागलेलं गोळा केलं. चपला सत्तावीस, त्यात एकही जोड नाही. थर्माकोल, औषधाच्या बाटल्या, पाऊचचा ढीग, पीओपीच्या गणपतीचा मोदक धरलेला एक हात. सगळं नागपूरचंच असं मी म्हणत नाही, भंडाऱ्याचंही असेल, आमच्या गावचंही असेल. पण मी कॅलेंडरवरून रंगवलेलं शहर आणि हे शहर, यातलं हे मला जास्त ओळखीचं वाटलं.

म्हणून मनात असं आहे. मागे रस्त्याचा पडदा, पण मातीच्या रंगांत: गेरू, पिवळी माती, चुना, काजळी आणि थोडी नीळ. पुढे आठ फुटांची मारबत, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इडापिडा घेऊन जा म्हणत गावाबाहेर नेतात ती बाहुली. आत बांबूच्या कमच्यांचा सांगाडा, त्यावर तणसाचे (धानाच्या पेंढ्याचे) आणि वाळवलेल्या जलपर्णीचे दोर, वरून नदीचाच गाळ. गळ्यात त्या सत्तावीस चपलांची माळ. माझी आई म्हणते, पोळा झाल्यावर मारबत करत नाहीत, करायचीच तर तिला बाहुली म्हण. म्हणून घरी आम्ही बाहुलीच म्हणतो.

अडचणी तीन. पहिली म्हणजे गाळ वाळला की तडकते, बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. दुसरी, डिंकात कालवलेल्या मातीच्या रंगाला ओलीत बुरशी धरते. आणि तिसरी मला सगळ्यात छळून राहिली. पोरं म्हणतात, प्रदर्शन संपलं की आपण तिचं तलावात विसर्जन करू, फोटो छान येतील. मला ते पटत नाही. पण मारबत तर जाळतात, आणि हिच्या गळ्यात रबर-प्लास्टिक आहे. मग शेवटी हिचं करायचं काय?

चाकावरचा (भद्रावती)

दादा, आमचं घर कुंभाराचं, म्हणून गाळाचं मी सांगतो. काळ्या रानातून वाहून आलेल्या गाळात चिकण फार असते. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना तेवढीच आखडते. तुमचा हात चुकत नाही, मातीचा स्वभावच तसा आहे.

आधी गाळ पूर्ण वाळवा, कुटा, पाण्यात कालवून पातळ कपड्यातून गाळून घ्या. नदीच्या गाळात शिंपल्यांचा चुरा असतो, तो एकही राहू देऊ नका. का ते पुढे सांगतो. मग त्यात बारीक वाळू आणि गाढवाची लीद मिसळा. लीद मिळाली नाही तर बारीक कापलेलं तणीस चालेल, पण ते कालवून आठ दिवस आंबू द्या. वारुळाची माती मिळाली तर सोनंच. प्रमाण मी सांगणार नाही, तुमचा गाळ मी हातात घेतलेला नाही. चाचणी करा: वेगवेगळ्या मिश्रणांच्या बोटभर जाड पट्ट्या पाडा, प्रत्येकीवर बरोबर १० सेंटिमीटरची रेघ ओढा आणि सावलीत वाळवा. रेघ ९ वर आली तर ती माती अंगावर थापू नका. साडेनऊच्या वर राहिली तर थापा, तीही एकदम नाही. पहिला थर वाळून त्याच्या भेगा बुजवल्यावर दुसरा.

एक सुचवतो. चेहरा वेगळा करा आणि भाजून घ्या. आतून पोकळ ठेवा, जाडी सगळीकडे सारखी, आणि पूर्ण वाळल्याशिवाय आव्यात (कुंभाराच्या भट्टीत) घालू नका, नाहीतर वाफेने फुटेल. शिंपल्याचं म्हणालो ते यासाठी: भाजल्यावर त्याचा चुना होतो, तो हवेतली ओल धरून फुगतो आणि आठ-दहा दिवसांनी गालावरून टवका उडतो. आमच्याकडे ग्रामोदय संघ या कुंभारकामाच्या संस्थेत भाजकामाची जुनी परंपरा आहे. भद्रावतीला आलात तर पाहून जा, पुष्कळ कळेल.

जुना ब्रश (वडसा)

पडदेवाले, तुमचा निरोप वाचून बरं वाटलं. आम्ही डिंक फक्त बारीक कामाला वापरायचो. मोठ्या पडद्याला चिंचोक्याची खळ. चिंचोके भाजून, भिजवून साल काढायची, दळायचे, पीठ गार पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळत शिजवायचं. कपड्याला आधी तिचाच एक पातळ हात द्या, वाळू द्या, मग चुना आणि पांढऱ्या मातीचा अस्तर. रंग घडीवर तडकत नाही. पडदा गुंडाळून बैलगाडीतून नेला तरी आमचे टिकले.

बुरशी आणि किड्यांसाठी खळीत चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) टाकत होतो. आणि पळसाच्या फुलांचा रंग वापरायचा मोह होईल, तो टाळा. उन्हात महिनाभरही राहत नाही, मी दोनदा फसलो.

काठावरची (भंडारा जिल्हा)

मोरचूद नको! माझं सासर-माहेर दोन्ही ढिवरांचं, मासेमारी करणाऱ्यांचं. मोरचूद माशाला विष आहे, अगदी थोडकं पाण्यात गेलं तरी. पडदा नागपुरात पावसात भिजला, कोणी नालीत धुतला, तर ते पाणी फिरून आमच्याच जाळ्याखाली येणार. त्याऐवजी कडुनिंबाचा पाला उकळून त्या पाण्यात खळ शिजवा, लागेल तेवढीच करा आणि दोन दिवसांत संपवा. पडदा हवेशीर ठेवा, ओल्यात गुंडाळू नका.

आता जलपर्णीचं, तिच्याशी माझं रोजचं काम आहे. तिच्यातून डोंगा पुढे सरकत नाही, जाळं अडकून फाटतं, खाली ऊन पोहोचत नाही म्हणून पाण्यातली हवा कमी होऊन मासळी मरते. ओलीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असते, म्हणून गाडीभर आणली तर सुकून ओंजळभर उरेल. दोराला लांब देठाची घ्या, मुळं कापून तिथेच काठावर उन्हात पसरून ठेवा. सांडपाण्यातले जड धातू ती मुळांत ओढून घेते. त्यामुळे हातमोजे घाला, आणि उरलेली गुरांना टाकू नका, चुलीतही घालू नका.

आणि विसर्जन तर अजिबात नको. जलपर्णीचं बी गाळात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहते. तुमची मारबत ज्या तलावात विरघळेल तिथे ते बी जाईल. आमचं दुखणं नागपूरच्या तलावाला देऊन काय मिळणार, काका?

अजून एक सांगते, राग मानू नका. लोक जलपर्णीला राक्षसीण म्हणतात, पण ती कोणाच्या ताटातलं खाते ते पाहा. शहराच्या सांडपाण्यात नत्र-स्फुरद येते, त्यावर ती माजते. घाण थांबली तर तीही ओसरेल. तुमच्या बाहुलीच्या अंगावर ती दिसू द्या, पण चेहरा तिचा करू नका.

गिट्टीखदान (नागपूर)

मी त्या प्रदर्शनातला नाही, पण चित्रकार आहे. विसर्जनाची कल्पना आमच्या पोरांच्या डोक्यात सहज येते, कारण गणेशोत्सव आम्ही तसाच पाहिला. पीओपीच्या मूर्तींना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सूचनांमध्ये मनाई झाली, मातीच्या मूर्तींसाठीही कृत्रिम टाक्या आल्या. तरी ‘माती आहे, चालते’ हा समज जात नाही. बियांची गोष्ट मला आजच कळली.

पडद्यासाठी एक धागा देतो, पटला तर घ्या. नागपूर पाणी पिते ते बहुतेक पेंचचं, तोतलाडोह आणि नवेगाव खैरीहून आलेलं. पेंच नदी कन्हानला मिळते. आणि आमच्या घराघरांतून निघालेलं तेच पाणी नाग नदी होऊन पुन्हा कन्हानलाच मिळते. भांडेवाडीला सांडपाणी शुद्ध करण्याची मोठी सोय आहे आणि त्यातलं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जाते, ही चांगली गोष्ट. पण शहराचं सगळं सांडपाणी त्यात मावत नाही, उरलेलं तुमच्याकडे येते. तुमच्या रस्त्याच्या पडद्यात माड्या आहेत, खांब आहेत, नळ नाही. एक नळ आणि एक नाली रंगवा. दोन्हींना एकच नीळ वापरा, फक्त नालीत काजळी घाला.

आमच्याकडे काळी आणि पिवळी मारबत निघते तेव्हा सोबतच्या बडग्यांवर (मिरवणुकीतल्या पुतळ्यांवर) शहराच्या दुखण्यांची नावं लिहिलेली असतात. लोक ती वाचतात, मोठ्याने बोलतात. तुमच्या बाहुलीवर काहीच लिहू नका. चपला पुरेशा आहेत.

पडदेवाला (पवनी तालुका)

सगळ्यांचे आभार. बारा दिवसांनी लिहून राहिलो, कारण पट्ट्या वाळायच्या होत्या.

नुसत्या गाळाची रेघ ८.८ वर आली. वाळू घातलेली ९.२. गाळ, वाळू आणि आंबवलेलं तणीस ९.४. चौथी, वारुळाची माती जास्त आणि गाळ थोडा, ती ९.६ वर थांबली आणि तिला केसाएवढीही भेग नाही. तर अंग नुसत्या वारुळाच्या मातीचं होईल आणि नदीचा गाळ घातलेली ही चौथी माती फक्त चेहऱ्याला, म्हणजे भाजल्यावर बियांची भीतीही राहणार नाही. दोन दिवस शिंपल्यांचा चुरा गाळण्यात गेले. नातवंडांनी मदत केली.

काठावरच्या ताईंचं मी मनाला लावून घेतलं. पहिला चेहरा मी हिरवा, जटावाला, जलपर्णीचाच केला होता. तो मोडला. आता साध्या बाईचा चेहरा आहे, नळावर उभी राहून घागर भरायची वाट पाहणाऱ्या बाईचा. ती नागपूरची की आमच्या गावची, ते करताना मला ठरवता आलं नाही, म्हणून तसंच ठेवलं. मोरचूद घेतला नाही. निंबाच्या पाण्यातली खळ उतरली, तिसऱ्या दिवशी आंबूस वास आला तेव्हा टाकून दिली आणि नवी केली. नळ आणि नाली रंगवून झाली. भाऊ, निळीत काजळी घालताना हात थांबला होता माझा.

विसर्जनाचं पोरांशी फोनवर बोललो, बियांची गोष्ट सांगितली. त्यांनी लगेच ऐकलं. ठरलं ते असं: बांबू आणि तणसाचे दोर मी परत आणीन, अंगाची माती सांदवाडीची भिंत लिंपायला कामी येईल. जलपर्णीचे दोर वेगळे बांधून ठेवू, ते शेतात जाणार नाहीत. चपला नागपुरातच राहतील, त्यांची व्यवस्था पोरं करतील.

राहिला चेहरा. मी तो घरी आणणार होतो, भाजलेला आहे, टिकेल. पण आई म्हणाली, बाहुली म्हण की काही म्हण, गावाच्या शिवेबाहेर नेलेली मारबत कोणी परत आणत नाही. मग पोरांना विचारलं. त्यातल्या एकीचं घर नाग नदीच्या पुलाजवळ आहे, तिच्या अंगणाच्या भिंतीत बसवून घेते म्हणाली, नदीकडे तोंड करून.

चाकावरच्या दादा, पुढच्या सोमवारी मी चेहरा घेऊन भद्रावतीला येतो. आवा कोणत्या दिवशी लागणार तेवढं कळवा. वाळायला अजून चार दिवस लागतील, हनुवटीजवळ जाड आहे.