इशापूरची जुनी .३०३, शिकारीसाठी कापलेली: घ्यावी का? सल्ला हवाय

डोंगरवाटा
नमस्कार मंडळी. पेन्सिल्वेनियात राहतो, ग्रीन कार्ड आहे, हंटर एज्युकेशनचा कोर्स झालाय आणि येत्या सीझनला पहिल्यांदाच हरणाला जायचंय. ऑफिसातला एकजण लहानपणापासून जातो, तो बरोबर नेणार आहे. इथे हरणाला सेमी-ऑटो चालत नाही त्यामुळे बोल्ट अ‍ॅक्शनच (दर बाराला हाताने दांडा मागेपुढे ओढायची) घ्यायचीय हे ठरलेलं.

त्याच्या गावाजवळच्या एका दुकानात कुणीतरी विकायला ठेवलेली रायफल बघितली. .३०३ ली-एन्फिल्ड, नंबर १ मार्क ३ स्टार. बोल्टच्या दांड्याखालच्या लोखंडावर मुकुट, त्याखाली जी आर आय, मग इशापूर (बंगालमधला सरकारी रायफल कारखाना) आणि १९४२. पुढचं लाकूड अर्ध्यातून कापलंय, नळीवरची लाकडी झाकणं आणि तोंडाजवळची ती जाड लोखंडी टोपी गायब, दस्त्याला रबरी पॅड, वरून चकचकीत वार्निश. मागची आणि पुढची साइट मात्र मूळचीच आहे. किंमत ३७५ डॉलर सांगतायत. त्याच दुकानात नवी .३०८ स्कोपसकट साधारण ५०० ला मिळतेय.

आजोबा एसआरपीत होते, त्यांची थ्री-नॉट-थ्री. त्यामुळे इशापूर वाचलं आणि हात सुटेना. पण नुसत्या भावनेवर घ्यायची नाहीये. वापरायला सुरक्षित असेल का, पहिली रायफल म्हणून बरी का, आणि पुढेमागे परत मूळ रूपात आणता येईल का, एवढं सांगा.

ओहायोकर
पहिलीच रायफल असेल तर माझं मत नवी घ्या. रुगर अमेरिकन, सॅवेज अ‍ॅक्सिस वगैरे स्वस्तातल्या रायफलीसुद्धा आता इतक्या नेमक्या असतात की नवशिक्याला शंभर यार्डावर काही कमी पडत नाही, स्कोप सहज बसतो, वॉरंटी असते आणि .३०८ ची काडतुसं गावातल्या कुठल्याही दुकानात मिळतात. .३०३ शोधावी लागते आणि शिकारीची सॉफ्ट पॉइंट (मऊ टोकाच्या गोळीची) काडतुसं एकेक दीड-दोन डॉलरच्या घरात जातात. शिकताना भरपूर बार काढावे लागतात, तिथे हा फरक खिशाला जाणवतो. जुनी नंतर कधीही घेता येईल.

लोखंड_लाकूड
ओहायोकरांचं खर्चाचं गणित बरोबर आहे, पण ही रायफल सरसकट नाही म्हणून सोडायची नाहीये. अशा रायफली इथे इतक्या का दिसतात ते आधी सांगतो म्हणजे किंमत कशी बघायची ते कळेल. दुसऱ्या महायुद्धानंतर बऱ्याच देशांचा जुना लष्करी माल अमेरिकेत ढिगाने आला, पोस्टानेसुद्धा मागवता यायचा, नव्या शिकारी रायफलीच्या मानाने किरकोळ पैशात. मग लोकांनी घरच्या वर्कबेंचवर लाकूड कापायचं, वजन कमी करायचं आणि हरणाला न्यायची. १९६८ च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टने हा आयातीचा ओघ आटला. त्या काळात कुणाला वाटलंही नसेल की मूळ रूपातल्या रायफलीला पुढे एवढी किंमत येईल. त्यामुळे आज कापलेली रायफल संग्राहकाच्या दृष्टीने जवळपास बाद धरतात आणि म्हणूनच ती कमी पैशात मिळते किंवा मिळायला हवी. ३७५ जरा जास्तच वाटतायत.

आता सुरक्षिततेचं. रायफल रिकामी आहे याची खात्री करून पहिल्यांदा नळी मोजा: बोल्ट बंद करून तोंडातून लाकडी दांडी बोल्टला टेकेपर्यंत आत घाला, तोंडाशी खूण करा, बाहेर काढून मोजा. २५.२ इंच आली तर नळी पूर्ण आहे आणि फक्त लाकूड गेलंय. २२ वगैरे आली तर मूळ रूपाचा विषय तिथेच सोडा. मग रिसीव्हरच्या, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या लोखंडी सांगाड्याच्या, डाव्या भिंतीवर स्कोपसाठी भोकं पाडलीयत का बघा, ती बुजवता येतात पण लपत नाहीत. लाकूड परत मिळतं. लोखंड परत जोडता येत नाही.

डीपी असा शिक्का कुठेही दिसला तर हात लावू नका, ती ड्रिलसाठी काढलेली रायफल, त्यातून बार काढायचाच नाही. इशापूरच्या काही रायफली ब्रिटिश काळातच पोलिसांसाठी .४१० च्या गुळगुळीत नळीच्या मस्केट करून टाकलेल्या होत्या, म्हणून नळीत आटे (आतल्या पिळदार खाचा) आहेत ना तेही बघा. असावेत पाच, डावीकडे वळणारे.

नळीत उजेड टाकून बघताना आट्यांच्या कडा शाबूत हव्यात. त्या काळच्या काडतुसांची टोपी (बुडातला प्राइमर) पेटली की मागे क्षार राहायचे, ते ओलावा धरायचे आणि गरम पाण्याने धुतलं नाही तर नळी आतून खायला लागायची. शिवाय कॉर्डाइट (त्या काडतुसांतली दारू) प्रचंड तापतं, त्याने चेंबरच्या पुढचा भाग झिजतो. थोडे खड्डे चालतात, मी खड्डे असलेल्या नळ्या छान नेम धरताना बघितल्यात. पण मध्येच एखादं काळं वर्तुळ दिसलं आणि बाहेरून बोट फिरवल्यावर तिथेच फुगवटा लागला तर सोडून द्या. तोंडाशी झीज वेगळी बघावी लागते, साफसफाईची दोरी वर्षानुवर्षं एकाच बाजूने ओढली की तिथे आटे एकीकडे खाल्ले जातात आणि मग गोळ्या भलतीकडे जातात.

सगळ्यात महत्त्वाचं हेडस्पेस. .३०३ च्या काडतुसाला मागे कड असते, ती बोल्ट आणि नळी यांच्यामध्ये अडकते, तिथे मोकळी जागा किती उरते ते गेजने मोजतात. .०६४ इंचाच्या गो गेजवर बोल्ट बंद झाला पाहिजे आणि .०७४ च्या फील्ड गेजवर अजिबात नाही. जागा जास्त असेल तर पितळ ताणलं जातं आणि केस (काडतुसाचं पितळी कवच) मागून फाटते. नंबर ४ रायफलीला ०, १, २, ३ अशा मापांचे बोल्ट हेड मिळतात, तुमच्या नंबर १ ला तशी मापंच नाहीत, एकेक लावून, घासून जुळवावं लागतं. म्हणून बोल्टच्या दांड्यामागचा नंबर आणि रिसीव्हरचा नंबर एकच आहे का हे नक्की बघा. वेगळा असला तर लगेच वाईट असं नाही, पण गेज लावल्याशिवाय एकही बार नको.

अजून एक, आणि हे कुणी सांगत नाही. घरी आणल्यावर दस्त्याच्या आतला लांब बोल्ट (दस्ता आवळणारा स्क्रू) आधी सोडवू नका. त्याचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि पुढच्या लाकडातल्या एका पट्टीत बसलेलं असतं, फिरवलात की लाकूड चिरतं. आधी पुढचं लाकूड काढायचं, मगच दस्ता. विकायला आलेल्या कितीतरी रायफलींची लाकडं याच कारणाने फुटलेली असतात आणि वर वार्निश मारून झाकलेली असतात, तुमच्या चकचकीत वार्निशबद्दल मला तीच शंका आहे.

ह्यूस्टनचा_तात्या
+१ वरच्या सगळ्याला. डोंगरवाटा, जुनीच घ्यायची असेल तर एकाच रायफलीवर मन बसवू नका, कापलेल्या माउजर ९८ पण बघा. बोल्टला पुढे दोन लग (बोल्ट बंद झाल्यावर अडकून धरणारे दात), मागे तिसरा सुरक्षेचा लग, शिवाय एक्स्ट्रॅक्टरचा (काडतूस ओढून काढणाऱ्या भागाचा) तो लांब पंजा काडतूस मॅगझिनमधून निघाल्यापासून पकडून ठेवतो. .३०-०६ किंवा .२७० ला बदललेल्या बऱ्याच असतात, म्हणजे काडतुसांची चिंता नाही. फक्त बदल कुणी केला आणि नळीवर काय शिक्का आहे ते बघायचं. ८ मिलिमीटरची असेल तर खास काळजी, जुन्या नळ्या .३१८ इंचाच्या गोळीच्या आहेत आणि नंतरच्या .३२३ च्या, मोठी गोळी लहान नळीत ढकलली तर दाब भयंकर वाढतो.

१९०३ ची स्प्रिंगफील्ड दिसली तर नंबर वाचा. स्प्रिंगफील्ड कारखान्याची ८,००,००० च्या खालची आणि रॉक आयलंडची २,८५,५०७ च्या खालची असेल तर घेऊ नका, त्या वेळी लोखंड डोळ्याच्या अंदाजाने तापवायचे आणि काही रिसीव्हर जास्त तापून ठिसूळ झाले. एम १९१७ मजबूत असते, वजनदार असते. तिच्या साइटचे कान घासून सपाट केलेले असतात. पण एडीस्टोन कारखान्याची असेल आणि कुणी नळी बदलली असेल तर रिसीव्हरला चीर आहे का ते गनस्मिथकडून तपासून घ्या, कारखान्यात नळ्या फार घट्ट आवळलेल्या असायच्या.

सह्याद्री_वारा
अवांतर प्रश्न, पुण्यातून वाचतोय. अशी रायफल परत येताना भारतात आणता येते का? आमच्याकडे लायसन्स आहे.

लोखंड_लाकूड
सह्याद्री_वारा, .३०३ भारतात प्रोहिबिटेड बोअरमध्ये येते, साध्या लायसन्सवर ठेवता येत नाही. म्हणून तर आपल्याकडे परवानाधारकांकडे .३१५ दिसते, तीही इशापूरचीच. त्यात २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला ठेवता येणारी हत्यारं तीनवरून दोनवर आणलीयत. शिकारीचा तर प्रश्नच नाही, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. डोंगरवाटांनी ही इथे वापरायची म्हणूनच घ्यावी.

बे_एरिया_मावशी
वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी एक गोष्ट. धागाकर्त्यांचं ग्रीन कार्ड आहे त्यामुळे दुकानात फॉर्म ४४७३ (बंदूक घेताना भरायचा सरकारी फॉर्म) आणि बॅकग्राउंड चेक झालं की पुढे अडचण नाही. एच-वन वर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक ठेवता येत नाही, त्याला हंटिंग लायसन्ससारखे थोडेच अपवाद आहेत. मित्राच्या नावावर घेऊन आपण वापरायची असला प्रकार अजिबात करू नका, तो गंभीर गुन्हा आहे आणि इमिग्रेशनची सगळी वाट लागते. वकिलाला विचारूनच पाऊल टाका.

डोंगरवाटा
सगळ्यांचे मनापासून आभार. काल परत गेलो. नळी मोजली, २५ च्या थोडी वर, म्हणजे पूर्ण आहे. भोकं नाहीत, डीपी नाही, बोल्टचा आणि रिसीव्हरचा नंबर एकच. पुढच्या लाकडात एक आडवा स्क्रू दिसतोय, तो काय आहे? दुकानदार म्हणाला की त्यांच्या ओळखीच्या गनस्मिथला आधी दाखवा, गेज त्याच्याकडे आहेत. आणि अजून एक, दुकानदार म्हणाला की हीच रायफल ७.६२ मध्येपण यायची, तशी करून घेता येईल म्हणे?

लोखंड_लाकूड
आडवा स्क्रू म्हणजे लाकूड चिरू नये म्हणून मारलेला, भारतातल्या रायफलींची ती ओळखच झालीय. चांगली खूण.

७.६२ चं, म्हणजे जवळपास .३०८ च्याच काडतुसाचं, मनातून काढून टाका. ती २ए आणि २ए१, इशापूरने साठच्या दशकात नव्याने बनवलेली, वेगळ्या चांगल्या पोलादाची. १९४२ ची नंबर १ ही .३०३ च्या दाबासाठी आहे आणि .३०८ चा दाब त्याहून बराच जास्त असतो. बोल्टचे लग मागे आहेत हे लक्षात घ्या. कुणी करून देतो म्हणाला तरी नको.

गनस्मिथला सांगा की पुढचं लाकूड उतरवून मागच्या बाजूचे ड्रॉज बघ. रिसीव्हरचा सगळा धक्का लाकडाच्या त्या दोन छोट्या पृष्ठभागांवर येतो. वाळून आकसले की लाकूड पुढेमागे हलतं आणि गोळ्या एका जागी न पडता पसरतात.

डोंगरवाटा
अपडेट. गनस्मिथने बघितली. गो वर बंद होते, फील्डवर होत नाही, नळीत चेंबरच्या पुढे थोडे खड्डे पण आट्यांच्या कडा चांगल्या, तोंडाशी झीज कमी. तुम्ही म्हणालात तसंच निघालं, वार्निशखाली एका ड्रॉजजवळ चीर आहे. तो म्हणतो एपॉक्सी आणि पितळेचा पातळ तुकडा घालून भक्कम होईल. चीर दाखवून दुकानात बोललो तर ३०० ला तयार झाले. चापाचा ओढा मूळचाच आहे, दोन टप्प्यांचा, कुणी घासलेला नाही हेही त्याने सांगितलं.

घेतोय. ह्या सीझनला जंगल दाट आहे, मित्र म्हणतो पन्नास-साठ यार्डांच्या पलीकडे फारसं दिसतच नाही, त्यामुळे स्कोप लावत नाही, भोकं पाडायची नाहीत. काडतुसं कुठली घेऊ?

ओहायोकर
चीर सापडून किंमत उतरली हे उत्तम झालं, आता माझीही हरकत नाही. काडतुसं पीपीयू कंपनीची सॉफ्ट पॉइंट घ्या, १५० आणि १८० ग्रेन (गोळीचं वजन) दोन्हीचा एकेक डबा, जी ह्या नळीतून जवळजवळ पडते ती ठेवा. फुल मेटल जॅकेट शिकारीला नको, जनावर जखमी होऊन पळतं.

लोखंड_लाकूड
१८० ला आधी संधी द्या. ह्या साइट्स १७४ ग्रेनच्या गोळीसाठी आखलेल्या आहेत, शिवाय साइट २०० यार्डांपासून सुरू होते म्हणजे पन्नासवर गोळी वर लागणार. उंची पुढच्या साइटच्या पात्याने जुळवतात, उंच पातं घातलं की गोळी खाली येते, वेगवेगळ्या उंचीची मिळतात. गनस्मिथकडून लाकूड आलं की आधी ते जुळवून घ्या. आणि पहिल्या काही बारांच्या रिकाम्या केसेस टाकू नका, बुडाच्या थोडं वर चकचकीत रेघ उमटलेली दिसली तर थांबा आणि केसेस घेऊन परत त्याच्याकडे जा.